थोरलीचं भांडण

मालिका सुरू होण्याआधी थोरलीने साऱ्या इमारतीत दवंडी पिटली होती. "माझ्या धाकटीवर मालिका येतेय. बघायचीच!" शेजाऱ्यापाजाऱ्यांनी ती इमानेइतबारे बघितली, आणि घोटाळा तिथेच झाला.

मालिकेतली धाकटी उठता-बसता रडायची. खऱ्या धाकटीच्या गाण्यावर गावोगावची माणसं जीव टाकायची, पण रडणं तिला कधी जमलंच नाही. हसायला लागली की मात्र आवरायची नाही. बरं, रडणंही एक वेळ चाललं असतं. पण तिला रडवत होतं कोण? तर थोरली बहीण! दर मैफलीआधी ती पडद्यामागे यायची, टाकून बोलायची, भयाण संगीत वाजायचं आणि बिचारी धाकटी डोळे पुसत गायला जायची. तिसऱ्या आठवड्यात शेजारणीने थोरलीकडे चहाला येणं बंद केलं. दूधवालाही पिशवी दारात टाकून पळू लागला.

थोरलीच्या तळपायाची आग मस्तकात जायची, पण बोलणार काय? भांडणं खरीच होती. मालिकेच्या लेखकाला तिनेच ती तिखटमीठ लावून सांगितली होती. धाकटीचा आवाज भांडल्याशिवाय मोकळा होत नसे. शांतपणे गायला बसली की गळा आवळल्यासारखा व्हायचा. म्हणून थोरलीने कुरापत काढायची, धाकटीने तोंडाला तोंड द्यायचं, आणि चांगली तापली की तिला तशीच रंगमंचावर ढकलायची. एवढंच नेमकं सांगायचं राहिलं. बहिणीबहिणी कशासाठी भांडतात हे फोड करून सांगावं लागतं, असं तिच्या डोक्यातच आलं नाही. आता जो तो म्हणत होता, हिने सख्ख्या बहिणीचा जन्मभर दुस्वास केला. आणि खरं काय ते सांगायला धाकटी उरली नव्हती.

मालिका संपली. मग एका दुपारी मालिकेतली धाकटीच दारात उभी! हातात फुलं, आवाज मधात बुडवलेला.

"तुम्हाला भेटायचं राहिलं होतं, ताई."

"आता आलीस? माझं नाव मातीत मिळाल्यावर?"

"हो ताई. चुकलंच आमचं."

"आणि रडायचीस किती! गायिका होती ती, गळका नळ नव्हे."

"हो ताई."

"'हो ताई' काय? तिनं जन्मात कधी मला 'हो ताई' म्हटलं नाही! आणि गाताना नुसते ओठ हलवायचीस, तेही उशिरा. गाता येत नाही तर गायिका व्हायचंच कशाला?"

पोरीने फुलं टेबलावर आपटली.

"बास! लिहिणारा लिहून मोकळा झाला आणि बोलणी मी खायची? रडून रडून डोळे सुजले माझे! आणि गाता येतं मला. गाऊ कुणी दिलं नाही!"

"म्हणे गाता येतं! बघू तरी!"

"बघाच!"

आणि ती गायली. धाकटीचंच गाणं, पण स्वतःच्या आवाजात. खोली भरून आवाज जिन्यात गेला. भांडण ऐकून, कुणीतरी कुणाचा जीव घेतंय असं वाटून धावत आलेली शेजारीण उंबऱ्यावरच थबकली.

गाणं संपलं. पोरीचा हात आपोआप गळ्याशी गेला. "माझा आवाज असा कधीच लागला नव्हता..." तिने थोरलीकडे पाहिलं. "ताई, पडद्यामागे तुम्ही हे करायच्या?"

"मग काय तिचा गळा दाबायचे?"

शेजारणीची मान खाली गेली. थोरलीचं तिच्याकडे लक्षच नव्हतं.

"ती गेल्यापासून सगळे माझ्याशी जपून बोलतात," ती म्हणाली. डोळे भरून आले होते. "कुणी भांडतच नाही गं माझ्याशी."

शेजारीण आत आली, न विचारता स्वयंपाकघरात शिरली आणि तिने चहाचं आधण ठेवलं.

चहा झाल्यावर पोरगी निघाली. थोरलीने दारातूनच हुकूम सोडला, "उद्या ये परत. आणि वेळेवर ये!"

पोरगी अर्ध्या जिन्यात थांबली. वर बघून खणखणीत आवाजात म्हणाली, "वेळेवर यायला मी काय तुमची नोकर आहे?"

"आली मोठी शहाणी!" थोरली ओरडली, आणि कठड्याला धरून पोट दुखेपर्यंत हसली.