न विचारता दिलेला बाप्तिस्मा

बसंतीबाईला अक्षर ओळखता येत नव्हतं, पण मंडळीची सगळी प्रश्नोत्तरी तोंडपाठ होती. मुकुटबनजवळच्या त्यांच्या बंजारा तांड्यावर लुथरन मंडळीची तीसेक घरं. टिनाच्या छपराचं चर्च आणि त्याच्या मागे लहानसं कब्रस्तान. रविवारी उपासना झाली की पाळक उकंडा राठोड बायांना थांबवून घेत आणि एकेक प्रश्न विचारत. मग आठवडाभर बसंतीबाई कापूस वेचता वेचता उत्तरं म्हणत राही.

एका रविवारी पाळकांनी पाण्याचा तांब्या आणि चिंध्यांचं बाळ आणलं.

"लेकरू जायच्या बेतात असलं अन् पाळक जवळ नसला, तर कोणीबी ख्रिस्ती माणूस बाप्तिस्मा देऊ शकते," ते म्हणाले. "पाणी पाह्यजे अन् शब्द पाह्यजे. बाकी काई नाई."

बाया हसत हसत एकेक करून पुढे आल्या. बसंतीबाईनं ते चिंध्यांचं डोकं इतकं जपून धरलं, की शेजारची हंसाबाई म्हणाली, "अवं, मोडत नाई ते."

तेव्हा बसंतीबाईची सून संगीता पाच महिन्यांची गरोदर होती. संगीताचं माहेर राजूरचं. तिचे वडील कोळशाच्या खाणीत कामाला होते आणि तिथल्या एका मंडळीत वडीलकी, म्हणजे पंचाचं काम, करत. त्या मंडळीत तान्ह्या लेकरांना बाप्तिस्मा देत नाहीत. माणूस मोठा झाला, स्वतःच्या तोंडानं विश्वास कबूल केला, की मग त्याला पाण्यात पूर्ण बुडवतात. संगीताचा बाप्तिस्मा तसाच, सतराव्या वर्षी झालेला. नवऱ्याशी, इंद्रजीतशी, तिचा यावरून दोन-तीनदा वाद झाला. शेवटी दोघांनी ठरवलं, आधी लेकरू सुखरूप येऊ दे, मग दोन्ही घरची माणसं बसून बोलू. तोवर कोणी काही करायचं नाही.

बसंतीबाई तेव्हा चुलीपाशी भाकरी थापत होती. तिनं सगळं ऐकलं होतं.

सातव्या महिन्यात एका दुपारी संगीताला अचानक कळा सुरू झाल्या. इंद्रजीत ट्रक घेऊन चंद्रपूरकडे गेलेला. बसंतीबाईनं हंसाबाईच्या मुलीकडून एकशे आठला फोन लावून घेतला. गाडी आली, संगीताला आत घेतलं, आणि वणीच्या रस्त्यावर, निम्म्या वाटेतच मुलगी झाली.

गाडीतल्या डॉक्टरीणबाईंनी जमेल ते सगळं केलं. लेकरू दोन तळहातांत मावेल एवढं होतं आणि ओठ जांभळे पडले होते. इकडे संगीताला रक्तस्राव सुरू झाला. डॉक्टरीणबाईंनी लेकरू कपड्यात गुंडाळून, छोटा मास्क नाकाशी लावून बसंतीबाईच्या हातात दिलं. "असंच धरून ठेवा," एवढं म्हणून त्या संगीताकडे वळल्या.

संगीता डोळे मिटून पडली होती, पण शुद्धीवर होती. "प्रभू, वाचव तिले. प्रभू, वाचव तिले," असं सारखं म्हणत होती.

बसंतीबाईला हातातला श्वास कळत होता. एक यायचा, मग बराच वेळ काही नाही. सून हातभर अंतरावर होती. तिच्याकडे वाकून चार शब्द विचारता आले असते. बसंतीबाईनं एकदा तिच्याकडे पाहिलं. मग लेकरू मांडीवर टेकवून शेजारच्या पाण्याच्या बाटलीचं झाकण दातानं उघडलं, तळहातावर थोडं पाणी घेतलं आणि लेकराच्या डोक्यावर तीनदा सोडलं. पित्याच्या, पुत्राच्या आणि पवित्र आत्म्याच्या नावानं. ओठातल्या ओठात, संगीताला ऐकू जाणार नाही असं.

वणी यायच्या आधीच लेकरू गेलं.

संगीताला दवाखान्यात ठेवून घेतलं. पुढचे दोन दिवस ती कशी वाचली ते डॉक्टरांनाच ठाऊक. लेकराला तितके दिवस ठेवण्याची सोय नव्हती. इंद्रजीत दुसऱ्या दिवशी सकाळी पोचला, लेकीला टॉवेलात घेऊन तांड्यावर आला. चर्चमागे खड्डा खणून ठेवला होता.

बाप्तिस्म्याचं बसंतीबाईनं पाळकांना कळवलं होतं. कबरीपाशी त्यांनी आधी तिला पुढे बोलावलं. अडल्या वेळी दिलेला बाप्तिस्मा मंडळीसमोर विचारून घ्यावा, अशी त्यांची रीत होती.

"या लेकराले बाप्तिस्मा कोणं दिला?"

"म्या."

"कायनं दिला?"

"पाण्यानं."

"काय शब्द बोलली?"

तिनं सांगितले. आवाज अजिबात कापला नाही.

पाळकांचं प्रवचन पाच मिनिटांचंही नव्हतं. "माह्या मायचे तीन लेकरं गेले माह्या आधी," ते म्हणाले. "म्हून माह्यं नाव उकंडा ठेवलं. उकिरड्यावरचं समजून मरणानं सोडून द्यावं म्हून. त्या तिघायचं काय झालं, मले ठाऊक नाई. ते देवाच्या हाती. पण हिच्याबद्दल मी बोलू शकतो, कारण हिच्याबद्दल देव सोता बोलला, तिचं नाव घेऊन नसन, तिच्या डोक्यावर पाणी घालून. हिनं काईच केलं नाई. करू शकत नव्हती. सगळं त्यानंच केलं."

इंद्रजीत गुडघ्यांवर बसून रडला. उठताना आईच्या पायाला हात लावून म्हणाला, "याडी, तू होती म्हून." आईला तो गोरबोलीत, बंजाऱ्यांच्या बोलीत, याडीच म्हणे. मंडळीतल्या बायाही एकेक करून जवळ आल्या. "बाई, मोठं काम केलं तू," म्हणू लागल्या. बसंतीबाई मान खाली घालून उभी राहिली. एकेक जण जवळ येई, तसं तिला पळून जावंसं वाटे.

संगीता सहाव्या दिवशी घरी आली. तिनं लेक जिवंत असताना पाहिली नव्हती, मेल्यावर पाहिली नव्हती, मातीही दिली नव्हती. छातीला दूध येत होतं, त्यावर फडकी बांधली होती. बाप्तिस्म्याचं तिला इंद्रजीतनंच सांगितलं. त्याला वाटलं, तिला धीर येईल.

संगीता उठून स्वयंपाकघराच्या दारात आली.

"मी जीव तोडून मागून राह्यली होती, तिले वाचव म्हून," ती सासूला म्हणाली. "अन् तुमी तिकडं पाणी घालून राह्यल्या होत्या. मरन म्हून. तुमी तिले आधीच सोडून देल्ली."

"नाई बाई, सोडली नाई..."

"मंग मले काहून नाई विचारलं? मी तिथंच होती."

तिसऱ्या दिवशी राजूरहून वडील आले आणि संगीता त्यांच्याबरोबर निघून गेली.

महिनाभर बसंतीबाई प्रभुभोजनाला गेली नाही. ती मागच्या बाकावर बसून राही आणि सगळे वेदीपाशी गेले की मान फिरवी. शेवटी एका गुरुवारी, चर्च झाडायच्या निमित्तानं ती पाळकांना भेटली. कबुली द्यायची आहे म्हणाली. पाळक वेदीजवळ खुर्ची घेऊन बसले. ती खाली बसली.

"बाप्तिस्मा खरा झाला का?" तिनं आधी तेच विचारलं.

"खरा झाला. तुह्यानं काई चुकलं असन तरी देवाचा शब्द खोटा होत नाई."

"मंग मले झोप काहून येत नाई?"

"तूच सांग."

"लोक म्हंतात, विचाराले वेळ नव्हता. वेळ होता, पाळकसाहेब. एवढा होता. ती नाई म्हणन, म्हून नाई विचारलं. मले भेव होतं का तिनं नाई म्हटलं तर माह्याच्यानं पाणी घालवणार नाई. म्हून चोरून घातलं. तिच्या लेकराले, तिच्यापासून चोरून."

बाहेर कुणीतरी हातपंप मारत होतं.

"हे पाप आहे," पाळक म्हणाले. "मी त्याले लहान करून सांगत नाई. अन् माह्यंबी आहे त्याच्यात. म्या तुमाले पाणी शिकवलं, शब्द शिकवले. मायले विचारा, हे नाई शिकवलं."

मग त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि ख्रिस्ताच्या नावानं तिला पापक्षमा दिली. ती पदर तोंडाला लावून रडली. शांत झाल्यावर ते म्हणाले, "देवाकडून मोकळी झाली. आता राजूरले जा. ती माफ करन म्हून नोको जाऊ. तिचं देणं आहे म्हून जाय."

बसंतीबाई एकटीच एसटीनं राजूरला गेली. संगीता ओसरीवर तूर पाखडत बसली होती. सूप खाली ठेवलं नाही तिनं.

"म्या तुले मुद्दाम नाई विचारलं," बसंतीबाई उभ्यानंच म्हणाली. "घाईत नाई. मुद्दाम. मले माफ कर."

संगीता सूप हलवत राहिली. "देवानं केली असन माफी तुमाले. माह्याच्यानं नाई होत."

बसंतीबाईनं मान हलवली. जायला वळली तेव्हा मागून आवाज आला.

"तिनं डोये उघडले होते का?"

सूप थांबलं होतं. संगीता पहिल्यांदाच तिच्याकडे बघत होती, आणि त्या बघण्यात एवढं मागणं होतं, की बसंतीबाईच्या जिभेवर 'हो' आलं. उघडले होते, तुह्याकडं पाहत होती. कोणाचं काय बिघडलं असतं?

"नाई," ती म्हणाली. "डोये नाई उघडले. पण पाणी पडलं तवा तोंड वाकडं केलं तिनं. जशी रडाले लागन. मंग नाई रडली."

"अजून?"

"माह्यं बोट धरलं होतं. जोर नव्हता, पण धरलं होतं. अजून काई नाई, बाई. एवढंच."

संगीतानं सूप बाजूला ठेवलं, उठून आत गेली आणि दार लावून घेतलं. दारामागून तिचं रडणं ऐकू येऊ लागलं. आत जावं का, बसंतीबाईला कळेना. ती ओसरीच्या पायरीवर बसली. संगीताचे वडील बाहेर आले, त्यांनी तिला पाणी दिलं आणि तेही पायरीवर बसले. दोघं तशीच बसून राहिली. आतला आवाज थांबला, पण दार उघडलं नाही. चारची गाडी पकडून बसंतीबाई परत आली.

संगीता तांड्यावर आली नाही. दिवाळीनंतर इंद्रजीतनं राजूरलाच खोली घेतली. आपले कपडे न्यायला आला, तेव्हा आईजवळ जेवला आणि म्हणाला, "ती तुह्यावर चिडून नाई आता, याडी. पण त्या वणीच्या रस्त्यानं तिच्यानं येववत नाई."

"नोको आणू तिले," बसंतीबाई म्हणाली, आणि त्याच्या ताटात आणखी एक भाकरी वाढली.