गव्हाणीच्या जागेवरचा संगणक

मित्रांनो, मी किती जुना आहे हे सांगायला माझा रंगच पुरेसा आहे. आलो तेव्हा पांढरा होतो, आता हळद लागल्यासारखा पिवळा पडलोय. त्यातली थोडी हळद खरोखरचीच आहे. ती कशी लागली, तेच आज सांगायला बसलोय.

माझा जन्म कुठल्याशा कारखान्यात झाला. तिथलं मला काही आठवत नाही. पहिली आठवण आहे ती कळसाडीची. शहादा तालुक्यातलं हे गाव, एका अंगाला कापूस आणि एका अंगाला ऊस. रतिलालभाऊंनी ट्रॅक्टर घेतला, बैलांची शेवटची जोडी विकली आणि त्याच आठवड्यात लेकीच्या, काजलच्या, शिक्षणासाठी मला घरी आणलं. रिकाम्या झालेल्या गोठ्याला फरशी बसवून खोली केली होती. जिथे गव्हाण होती, नेमकं तिथेच माझं टेबल लागलं.

रतिलालभाऊंची आई, नर्मदाबाई, दारात उभ्या राहून बघत होत्या. म्हणाल्या, "जोडी गयी नि हाऊ उना. आते हाऊच आपला बैल."

सगळे हसले. त्या हसल्या नाहीत. त्या वर्षीच्या पोळ्याला त्यांनी माझ्या पडद्याच्या दोन कोपऱ्यांना शिंगांसारखा गेरू लावला, हळदकुंकू वाहिलं, अक्षता टाकल्या आणि पुरणपोळीचा घास माझ्यापुढे ठेवला. "जो राबस त्याले आज आराम. कोनी हात लावाना नही." त्या दिवशी, आणि मग दर पोळ्याला, मी बंद राहिलो. मला, खरं सांगतो, फार बरं वाटलं होतं.

काजल धुळ्याला शिकायला गेली आणि माझ्यासमोर बसू लागली तिची आई, दीपमाला. बारावी झालेली, लग्नानंतर पुस्तक मिटलेली बाई. पहिले चार महिने ती माऊस असा धरायची की जणू तो हातातून उडून जाईल. तिला कुणी शिकवलं नाही. ती शिकली ती माझ्यातूनच, इंटरनेटच्या त्या अदृश्य बाजारातून, जिथे इतक्या चांगल्या गोष्टी फुकट मिळतात आणि तरी तिथे फार कुणी फिरकत नाही.

तिच्याकडे एक शंभरपानी वही होती. वर लिहिलं होतं, 'कामाच्या जागा'. टायपिंग फुकट शिकवणारी जागा. फोटो लहान करून देणारी जागा. शब्दाचा अर्थ सांगणारी, सातबारा दाखवणारी, पाऊस कधी येईल ते बऱ्यापैकी खोटं सांगणारी. एका पानावर माऊस बिघडला तर नुसत्या बटणांनी काम कसं करायचं, ते सगळं उतरवलेलं. आणि पान एकतीसवर, लाल शाईत, कुठल्यातरी चर्चेच्या पानावर एका अनोळखी भल्या माणसाने दिलेला सल्ला: 'वर्षातून एकदा संगणकाची पाठ उघडून आतल्या पंख्यावरची धूळ झाडा. नाहीतर तो तापून आपोआप बंद पडतो.'

ते पान तिने गावातल्या तीन घरांना वाचून दाखवलं. तिघांचे संगणक स्वतः उघडून झाडून दिले. माझी पाठ तेवढी राहिली. घरच्याचं कधीही होईल म्हणून राहतं, तसं.

मित्रांनो, ती माझी चांगली वर्षं. अर्ध्या गावाचे फॉर्म माझ्यावरून गेले. तोरणमाळच्या बाजूने दरवर्षी ऊसतोडीला येणारा फुलसिंग एकदा आपल्या मुलीला, सीमाला, घेऊन आला. आश्रमशाळेत बारावी झालेली, शहाद्याच्या वसतिगृहात राहणारी मुलगी. दर रविवारी ती यायची आणि दीपमाला तिला त्या फुकटच्या जागेवर टायपिंगला बसवायची.

"ताई, बाबा म्हणतात, बोटं वाजवून काय पोट भरतं?" सीमा एकदा म्हणाली.

"बाबाले सांग, कोयता वाजाडीसन किती भरनं?" दीपमाला म्हणाली. मग तिच्या लक्षात आलं की हे जरा लागेल, म्हणून तिने पोरीपुढे शेंगदाण्याची वाटी सरकवली.

दोघींची बोटं माझ्यावर इतकी पळायची की माझी अक्षरं पुसली गेली. आणि मग तालुक्याच्या एका कचेरीत टायपिंगच्या चार जागा निघाल्या. सीमाचं वय लहान, तिच्यापुढे अजून पुष्कळ भरत्या होत्या. दीपमालाचं तसं नव्हतं. या भरतीत वय बसत होतं, पुढच्या कुठल्याही भरतीत बसणार नव्हतं. हे तिने कुणाला बोलून दाखवलं नाही, पण वहीच्या शेवटच्या पानावर ती जाहिरात चिकटवली आणि रोज उघडून बघायची. मी रोज बघायचो.

सीमाचा फॉर्म तिने पहिल्याच आठवड्यात भरला. "शेवटला दिनवर ठेवानं नही," असं दटावून. स्वतःचा राहिला, कारण माहेरचं नाव एक आणि सासरचं एक, त्याचा दाखला मिळेना. तो मिळाला पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी. त्या रात्री गावात लाईट नव्हती. आणि शेवटची तारीख होती पोळा, संध्याकाळी सहापर्यंत.

सकाळी दीपमाला खोलीत आली तेव्हा नर्मदाबाईंचा गेरू लावून झाला होता.

"आई, आज शेवटली तारीख शे."

"तारीख वाढस. मांगला सावा वाढनी नही का?"

मागच्या खेपेला वाढली होती, हे खरं. त्याच्या मागच्या वेळीही वाढली होती. गावात कुणीच कुठल्याही शेवटच्या तारखेला शेवटची मानत नाही. दीपमालानेही घड्याळ बघितलं, सासूच्या हातातली हळद बघितली. एका म्हातारीचा सण मोडावा असं काही तिच्याने होईना. बोलणी झाली ती अशी: दुपारी गावचे बैल मारुतीला फिरून आले की सण फिटला. चारपर्यंत येतात. मग फॉर्म भरायचा.

"पन याले बी मारुतीले फिरावनं पडी," नर्मदाबाई म्हणाल्या.

"एवढी पेटी डोकावर लेई जाऊ का मी?" रतिलालभाऊ ओरडले. "गाव हासीन मले!"

"मंग तो उंदर ले ना. दिनभर तोच ते फिरस."

आणि खरोखर, मित्रांनो, माझा माऊस ताटात ठेवून, कुंकू लावून, मारुतीला गेला.

चार वाजले. साडेचार झाले. मानाचा बैल निघाल्याशिवाय बाकीचे निघत नाहीत, आणि मानाच्या बैलाने त्या दिवशी वेशीत बसकण मारली होती. भाऊंचा फोन वाजत्या डफात कुणाला ऐकू येणार? शहाद्याची फॉर्म भरायची सेंटरं सणाची बंद. दीपमालाच्या फोनवर तो फॉर्म उघडतच नव्हता. पाच वाजता तिने वही काढली, माऊसशिवाय काम करायचं पान उघडलं आणि माझं बटण दाबलं.

"दीपा, आजून मारुती व्हयना नही!" नर्मदाबाई दारातून म्हणाल्या.

"व्हयना नही ते नही, आई."

लग्नाला बावीस वर्षं झाली होती. असं ती पहिल्यांदा बोलली.

बटणामागून बटण दाबत ती पुढे सरकली. नाव. जन्मतारीख. दाखला. फोटो लहान करून झाला. सही चढली. कुठे चुकत नव्हती ती, इतकी शांत होती, की मला वाटलं, आज माझ्या जन्माचं सोनं होणार. आणि माझी पाठ भाजायला लागली. सगळ्या पोळ्यांचं कुंकू, अक्षता, गव्हाणीच्या जागेची जुनी धूळ, सगळं पंख्यात बसलं होतं. पंखा फिरायचा, थांबायचा. मी जीव खाऊन तग धरला. सहाला दहा मिनिटं कमी असताना, तिचं बोट शेवटच्या बटणावर जाता जाता, माझ्या डोळ्यांपुढे अंधार आला.

पुन्हा सुरू व्हायला मला चौदा मिनिटं लागली. पडद्यावर एक ओळ आली. अर्ज स्वीकारण्याची मुदत संपली आहे.

त्याच वेळी रतिलालभाऊ ताट घेऊन आत आले. "हाई ले तुन्हा उंदर! मारुतीनी..." आणि तिचा चेहरा बघून थांबले.

"तारीख वाढी ना वं," ताट माझ्याशेजारी ठेवत ते म्हणाले.

दीपमालाने आठवडाभर रोज बघितलं. मग एक दिवस तिने तो गेरू ओल्या फडक्याने पुसला, वही माझ्याखाली सरकवली आणि खोलीबाहेर गेली. तारीख वाढली नाही.

सीमाला जागा मिळाली. पेढे घेऊन आली तेव्हा दीपमालाने पेढा तोंडात घातला, पोरीला जवळ घेतलं, आणि मला पाठ करून बसली. नंतर मी सुरू झालोच नाही. सुरू करायला कुणी आलंही नाही. नर्मदाबाईंच्या जुन्या लुगड्याखाली आता मी उभा आहे. माझ्या शेजारी खताच्या गोणी ठेवतात.

यंदाच्या पोळ्याला नर्मदाबाई आल्या. हातात ताट होतं. लुगडं काढलं, आणि हळद लावायच्या आधी मला दोन्ही हातांनी फिरवून माझी पाठ उजेडाकडे केली. पदराच्या टोकाने एकेक भोक पुसू लागल्या. कुंकवाचे खडे पडत होते, जुने, काळे.

दीपमाला गोणी न्यायला आली होती. बराच वेळ बघत राहिली.

"आई, आते काय उपेग?"

"उपेग काहीच नही," नर्मदाबाई म्हणाल्या. मान वर केली नाही. "पुसू दे."

मित्रांनो, तुमच्या घरी माझा कुणी भाऊबंद असेल, तर त्याची पूजा जरूर करा, माझी कुणी केली तर मला अजूनही आवडतं. पण आधी त्याची पाठ झाडा. आणि दुसऱ्याला जे दटावून सांगता, ते एकदा आपल्या घरात, आपल्यासाठीही करा. मला हे सांगायला फार उशीर झाला. त्या दोघी अजून माझ्यामागे आहेत. एक पुसतेय, एक नुसती उभी आहे, आणि मला मागे वळून बघता येत नाही.