गाईचा उपवास

निनवेच्या उपवासाचा पहिला दिवस होता. इराकमधल्या दोहुकजवळच्या त्या असिरियन ख्रिस्ती गावातले सगळे चर्चला गेले. शमुनीचा मुलगा निनोस तेवढा घरी राहिला. त्याचं एकच पालुपद, आपण आधी असिरियन, मग ख्रिस्ती.

शमुनी परतली तर गोठ्यात गाय हंबरत होती. गव्हाण रिकामी.

"चारा का नाही घातलास रे?"

"योना संदेष्ट्याचं ऐकून निनवेच्या आपल्या असिरियन राजाने हुकूम काढला होता, आई. माणसांनी उपवास करायचा, गुरांनीसुद्धा. मीही सकाळपासून पाणी प्यायलो नाही."

"हे कुठे वाचलंस?"

"तुझ्या बायबलात," तो पुटपुटला.

दहा वर्षं ती त्याच्यामागे लागली होती, एकदा उघडून तरी बघ म्हणून. हसू दाबत तिने पेंढी त्याच्या हातात कोंबली.

"घाल तिला. ती ना ख्रिस्ती, ना असिरियन. उपाशी बसा तू नि तुझा राजा."