मागच्या भिंतीची पन्हळ

आमच्या गावाचं नाव मी सांगणार नाही. मुली देणाऱ्यांना ते आधीच पुरेसं माहीत आहे. वरवट बकालच्या पुढं, जिथं जमीन काळीभोर आणि पाणी खारं, तिथं कुठंतरी समजा. बोअरचं पाणी उकळलं की पातेल्याला पांढरं किटण धरतं. तेच माणसाच्या आतही धरत असावं, कारण शाळेची पायरी न चढलेल्या बाईलाही आमच्याकडे किडनीच्या तपासणीतला क्रिएटिनिन हा शब्द येतो. नळ आलेत, पण पाणी त्याच्या मर्जीनं येतं. दारात विकतचा जार दिसला की गाव विचारतं, कोणाची किडनी गेली? म्हणून जारसुद्धा माणसं लपवून आणतात.

अशा गावात एक जुनं चर्च आहे. दुष्काळाच्या सालात एका गोऱ्या पाद्र्यानं ते बांधलं आणि धान्याच्या बदल्यात आमच्याच आज्या-पणज्यांनी त्याचे दगड वाहिले. दारावरच्या शिळेवरचं साल अर्धं झिजलंय, त्यामुळे ज्याला जे आवडेल ते साल तो सांगतो. भिंती काळ्या दगडाच्या, हातभर रुंद. वर सागाच्या तुळया आणि मंगलोरी कौलं. घंटा शेगावच्या स्टेशनावरून बैलगाडीत आली आणि वाटेत एक बैल मेला, असं म्हणतात. पूर्वेच्या खिडकीत रंगीत काच होती, तिच्यातला एक निळा तुकडा तेवढा उरलाय, बाकी पत्रा ठोकलाय. शहरातून कॅमेरे घेऊन येणारी मंडळी त्या निळ्या तुकड्याचे फोटो काढतात, घंटेखाली उभी राहतात आणि चहा पिऊन निघून जातात. मागच्या भिंतीकडे एकही जण फिरकत नाही. मला त्यांचा राग येतो, कारण त्या चर्चमध्ये बघण्यासारखं जे आहे ते मागेच आहे.

माझी पिठाची गिरणी त्या मागच्या भिंतीसमोर आहे, म्हणून मला ते माहीत.

आत, जिथं पाद्री उभा राहून बोलतो, तिथल्या फळ्यांखाली पाण्याचं टाकं आहे. पावसाळ्यात कौलांवरचं पाणी पत्र्याच्या नळांतून त्यात उतरतं. बाप्तिस्मा त्यातच द्यायचे, आणि प्यायलाही तेच. मागच्या भिंतीत मांडीएवढ्या उंचीवर एक दगडी पन्हळ बसवलीय आणि तिच्या शेजारी लाकडाची फळी. बाहेरच्यानं पन्हळीखाली कळशी ठेवून फळीवर थाप मारायची. आतल्यानं टाक्यातून बादली ओढून पन्हळीच्या आतल्या तोंडाशी असलेल्या दगडी कुंडीत ओतायची. पाणी पन्हळीतून कळशीत पडतं. देणाऱ्याला घेणारा दिसत नाही आणि घेणाऱ्याला देणारा दिसत नाही.

एवढं डोकं पाद्र्यानं कशाला लढवलं? आमच्या लाजेपायी. पटकीची साथ आली होती, गावच्या आडाचं पाणी बाधत होतं. चर्चमध्ये गेलेली माणसं मूळची गावकुसाबाहेरची. त्यांच्या हातचं प्यावं तर धर्म बुडतो आणि न प्यावं तर पोरं मरतात, अशी मोठ्या घरांची पंचाईत झाली. पाद्र्यानं भिंतीला भोक पाडून देणाऱ्याचा हात झाकून टाकला. हात दिसला नाही म्हणजे धर्मही बुडत नाही! माझ्या सासरचेही त्या रांगेत होते, मी उगाच शहाणपणा मिरवत नाही.

पटकी गेली आणि पुढं किडनीचा आजार आला, पण रीत तीच राहिली. ज्याच्या घरी आजारी माणूस, त्यानं दिवेलागणीला यायचं, थाप मारायची, एक कळशी घेऊन जायचं. आतलीनं डोकावायचं नाही. गल्लीतल्यांनी मान वळवायची. कोणी आलं की मी गिरणीच्या पट्ट्याकडे बघत राहते.

आत पाणी ओतते मंजुळाबाई. ख्रिस्ती घरं गावात आता तीनच उरलीत, पाद्री महिन्यातून एकदा खामगावहून येतो, आणि किल्ली मंजुळाबाईकडे असते. आधी ती तिच्या सासूकडे होती. मंजुळाबाईला एकच मुलगा, वैजनाथ. फाट्यावर पंक्चर काढायचा. दोन वर्षांपासून त्याच्या किडनीनं दगा दिलाय. डॉक्टरनं बोअरचं पाणी तोंडाला लावायचं नाही असं बजावलं. टाक्यातल्या पाण्यावर पोरगं तग धरून आहे, असं मंजुळाबाईचं म्हणणं. टाकं मृगापर्यंत पुरलं तर वैजनाथ पुरला, इतका तिचा हिशेब सरळ होता.

गेल्या साली पावसानं दगा दिला. टाकं निम्मंच भरलं. त्यात माघापासून फळीवर एक नवी थाप पडायला लागली.

मंजुळाबाई थापेवरून माणूस ओळखते. कोणी अंगठीनं वाजवतो, कोणी तळहातानं, एक म्हातारा आधी खोकतो आणि मग मारतो. नावं ती कधी घेत नाही, पण तिला सगळी माहीत असतात. ही थाप मात्र तिला ओळखता येईना.

"रुपाली, एक थाप ओळखीची नाई वो," ती दळण न्यायला आली तेव्हा मला म्हणाली. "सगळ्याच्या मागून येते. हलकी. बांगड्या वाजतेत."

"असंल कोणी आजारी, मावशी."

"गावात कोण आजारी हाय ते मले ठाऊक नाई का? हे कोणी तरी फुकटचं नेऊन राह्यलं. डाळ शिजवाले नेत असंल, नाई तर विकाले. अन् माह्या पोराचं पाणी सरून राह्यलं."

"पण पाहू नका. पाहाची रीत नाई."

"रीत तुमच्यासाठी केली होती, बाई," ती म्हणाली. "आमच्यासाठी नाई."

मी तिचं पीठ डब्यात भरून दिलं.

चैत्र सरता सरता तिनं टाक्यात काठी सोडून पाहिली. ओली खूण किती खाली आलीय ते पाहून ती हबकलीच. त्या संध्याकाळी लाईट गेली होती. गिरणी बंद, डबे घेऊन बसलेल्या बाया पदरानं वारा घेत होत्या. पन्हळीवरची नेहमीची माणसं येऊन गेली. सगळ्यांच्या शेवटी एक बाई आली, डोक्यावरून पदर पार हनुवटीपर्यंत ओढलेला. तिनं कळशी ठेवली, थाप मारली. आम्ही माना वळवल्या.

पाणी पडायला लागलं आणि मध्येच थांबलं. चर्चच्या कोपऱ्यावरून मंजुळाबाई आली, हातात रिकामी बादली तशीच. तिनं त्या बाईचं मनगट धरलं आणि पदर खाली सरकला.

शालिग्रामभाऊंची बायको कौशल्याबाई होती ती. गावातलं सगळ्यात मोठं बियाण्याचं दुकान त्यांचं.

"तुम्ही?" मंजुळाबाईचा आवाज चिरकला. "घरी दोन बोअर, नळ, फ्रिज. अन् गरिबाच्या टाक्यातलं पाणी काऊन नेऊन राह्यल्या?"

"हळू बोल वो. पाया पडते तुह्या."

"काऊन हळू? तुमच्या सासूनं माह्या सासूले आडाच्या पायरीवर पाय नाई ठेवू देल्ला. तरी तिनं जलमभर तुमच्या घराले पाणी ओतलं, हात नाई दाखवला कधी. अन् आता तुम्ही माह्या वैजनाथच्या तोंडचं नेता?"

"प्राचीसाठी हाय," कौशल्याबाई म्हणाली.

गिरणी चालू असती तर ते कोणाला ऐकू आलं नसतं. पण गिरणी बंद होती, आणि कौशल्याबाई हळूच बोलली तरी गल्लीत सगळ्यांना ऐकू गेलं.

प्राची म्हणजे त्यांची धाकटी. दिवाळीनंतर तिचा साखरपुडा झाला होता, मुलगा धाड गावचा, जेठातली तारीख ठरलेली. मंजुळाबाईनं मनगट सोडलं. "मले काय माहीत," ती म्हणाली. मग पुन्हा म्हणाली, "मले काय माहीत वो." कौशल्याबाईनं पदर सावरला आणि अर्धी भरलेली कळशी तिथंच टाकून ती गेली.

डबे घेऊन बसलेल्या त्या बायांना मी हात जोडून सांगितलं की ही गोष्ट इथंच ठेवा. एकीनंही ठेवली नाही. पुढच्या आठवड्यात धाडचा फोन आला आणि सोयरीक मोडली. आजार लपवून पोरगी देणं हेही पापच, मी शालिग्रामभाऊंची बाजू घेत नाही. पण त्यानंतर त्यांनी जे केलं ते मी जन्मात विसरणार नाही.

त्यांनी प्राचीला दुकानात आणून गल्ल्यावर बसवलं. माझी पोरगी ठणठणीत आहे, ज्याला पाहायचं त्यानं पाहून घ्यावं! गिऱ्हाईक आलं की ते नोकराला बोअरचं पाणी आणायला लावायचे आणि ग्लास तिच्या हातात द्यायचे. ती सगळ्यांसमोर प्यायची. वर हसायची. मी एकदा सरकीच्या बियाण्याचा भाव विचारायच्या निमित्तानं गेले होते. वैशाखाचं ऊन, पंखा गरम हवा फेकत होता, आणि त्या पोरीच्या पायात लोकरीचे मोजे होते. सूज दिसू नये म्हणून. मला रडू आलं आणि मी भाव न ऐकताच परत फिरले.

मंजुळाबाई स्वस्थ बसली नाही. तिनं भर दिवसा कळशी भरली, डोक्यावर घेतली आणि गावातून चालत शालिग्रामभाऊंच्या ओट्यासमोर जाऊन उभी राहिली. त्या चर्चचं पाणी असं उघडं, हाताहातानं गावात कधीच गेलं नव्हतं. मी तिच्या मागून गेले होते.

"भाऊ, चुकली मी. पोरीले पाजा हे."

"आमच्या घरी कोणी आजारी नाई," शालिग्रामभाऊ म्हणाले.

"मले शिव्या द्या, मारा. पण पोरीले पाजा."

"आमच्या घरी कोणी आजारी नाई. पाणी वापस न्या."

दाराच्या आड कौशल्याबाई उभी होती. ती बाहेर आली नाही. मंजुळाबाई वळली तशी कळशीतलं पाणी हिंदकळून तिच्या खांद्यावर सांडलं. मग ती परत गेली.

त्यानंतर फळीवरच्या थापा कमी होत गेल्या. आज कौशल्याबाईला धरलं, उद्या आपल्याला धरतील, असं ज्याला त्याला वाटायला लागलं. ज्यांच्या घरी लग्नाची पोरं होती ते आधी बंद झाले. अंगठीवाला यायचा थांबला. खोकणारा म्हातारा सगळ्यांत जास्त टिकला. पण त्याच्याही नातवाचं कुठं तरी जमत होतं, मग तोही येईना. सगळे बोअरच्या पाण्यावर गेले. मंजुळाबाई रोज दिवेलागणीला बादली भरून कुंडीपाशी बसायची आणि अंधार पडला की उठायची.

वैजनाथ तिच्याशी धड बोलत नव्हता. "माये, माह्यासाठी केलं असं म्हणू नको कोणाले," एवढंच तो म्हणाला. पाणी मात्र तो पीत होता, ती ओतून द्यायची तेवढं. काय करणार, जगायचं त्यालाही होतं.

जेठात प्राचीला अकोल्याला नेलं. फार उशीर झाला होता. लग्नाची जी तारीख ठरली होती, तिच्या आधीच तिला घरी आणलं, पांढऱ्या गाडीतून. तिला घेऊन घाटावर जाताना लोक चर्चवरूनच गेले. मंजुळाबाई दारात उभी होती, पण तिच्याकडे कोणी पाहिलं नाही. मी गिरणीचं दार ओढून घेतलं आणि आत रडून घेतलं.

मृगाच्या आधी टाकं धुवावं लागतं. तळाचा गाळ काढून चुना लावल्याशिवाय नवं पाणी घेत नाहीत, नाही तर जुनं आणि नवं दोन्ही सडतं. दरसाल तेव्हा टाक्यात चिखलच असतो, घमेलं घेऊन उतरायचं आणि खरवडायचं. या वर्षी मंजुळाबाईनं फळ्या काढल्या तर आत मांडीभर पाणी उभं होतं. पोराला पुरेल की नाही म्हणून तिनं जे पाणी वाचवलं, ते सगळं.

तिनं घरातली भांडी भरली, ड्रम भरले, उरलेल्या दोन ख्रिस्ती घरांचे हंडे भरले. मग गल्लीत येऊन हाका मारल्या. "न्या वो बाया, पाणी न्या. मी आत जाते. पाहात नाई कोणाकडे, शपथ." दारं लागलेली होती. एका खिडकीचा पडदा हलला, तेवढाच.

ती आत गेली आणि बादल्या ओतायला लागली. पन्हळीतून पाणी पडायला लागलं, ते काही थांबेना. मी गिरणी बंद केली. कळशी घेऊन जावं असं मनात आलं, आणि लगेच आलं की आपल्या घरी कोणी आजारी नाही हे गल्लीला ओरडून सांगितलं पाहिजे. त्या विचाराची मला इतकी लाज वाटली की मी जागची हलले नाही. पाणी गल्लीत उतरलं, गिरणीसमोरून वाहत गेलं, धुळीत पसरलं, आणि उतारानं शालिग्रामभाऊंच्या घराकडे निघालं. ओट्याच्या पायरीवर कौशल्याबाई बसली होती. पाणी आलेलं तिनं पाहिलं. तिनं पाय वर घेतले आणि तशीच बसून राहिली.

"कोणी हाय का वो बाहीर?" पन्हळीतून मंजुळाबाईचा आवाज आला. "रुपाली? लावली का कोणी कळशी?"

मी गल्लीत या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिलं.

"नाई, मावशी," मी म्हणाले.

मग तिनं पुढची बादली ओतली.