अर्थाचा खड्डा

मी एक जुना रेडिओ आहे. मित्रांनो, माणसाला माणसाच्या जवळ आणण्यासाठी माझा जन्म झाला, असे माझ्यासोबत आलेल्या पुस्तिकेत छापले होते. ते खोटे नाही. अमरावतीचे वकील मोरोपंत आणि त्यांचे शेजारी, पिठाच्या गिरणीचे मालक पुंजाजी, ह्यांना मी इतके जवळ आणले की दवाखान्यात दोघांच्या खाटा लागून होत्या.

मुंबईच्या एका कारखान्यात मी तयार झालो. १९५७ साली बडनेऱ्याला गाडीतून उतरलो आणि टांग्यातून अमरावतीत आलो. गोदावरीबाईंनी मला हळदकुंकू वाहिले, भरतकामाचे झाकण शिवले. मोरोपंतांनी माझ्या डोक्यावर भिंतीला ट्यूबलाइट बसवली. आळीतली ती पहिलीच. रेडिओ रस्त्यावरच्यांना ऐकू येईलच, पण तो दिसलाही पाहिजे, असे त्यांचे मत होते.

दिवसा मी स्वच्छ बोले. दिवेलागण झाली की माझ्या पोटात खरखर सुरू होई, जणू कोणी फुटाणे भाजत आहे. मग मोरोपंत मला थापडा मारीत. एक उजवीकडून, एक डावीकडून, एक डोक्यावर. कोर्टात हरून आले असतील तर चौथी. एखाद्या वेळी आवाज सुधारेही, त्यामुळे मारण्यावरचा त्यांचा विश्वास वाढत गेला.

खरखरीचे कारण सगळ्या आळीला ठाऊक होते. बाया वावरातून परतून ज्वारीचे डबे घेऊन येत, म्हणून पुंजाजींची गिरणी नेमकी दिवेलागणीलाच सुरू होई.

अशात पंतांच्या मुलीला, ताराला, नागपूर केंद्राचे पत्र आले. पुढच्या गुरुवारी संध्याकाळी सात वाजता दहा मिनिटे गाणे, थेट. ती मामाबरोबर नागपूरला गेली. तिला गाणे शिकता यावे म्हणून गोदावरीबाई सहा वर्षे घरादाराशी भांडल्या होत्या. त्यांनी स्वतः लग्नानंतर अंगाईसुद्धा कुजबुजत म्हटली होती.

"मला ती दहा मिनिटं ऐकू आली पाहिजेत," त्या पंतांना म्हणाल्या. "मग तुमचा रेडिओ विहिरीत टाका."

रेडिओ दुरुस्त करणाऱ्या नत्थुजीला बोलावले. त्याने माझी पाठ उघडली, तारा पाहिल्या आणि सांगितले, "वकीलसाहेब, तुमच्या रेडिओले अर्थच नाही."

"बावीस वर्षं वकिली करतोय मी. कशाला अर्थ आहे ते तू मला शिकवणार?"

"अर्थ म्हंजे जमिनीतली तार जी. खरखर जमिनीत जिरवा लागते. पण पयले घरातली एक एक वस्तू बंद करून पाहा, खरखर येते कुठून ते."

"माझ्या घरात खरखर नाही," पंत म्हणाले. वर ट्यूबलाइट जळत होती.

दोन्ही घरांमधल्या भिंतीलगत कमरेइतका खड्डा झाला. त्यात तांब्याचा पत्रा, कोळसा, खडेमीठ, वर माती. "रोज सकाळी तांब्याभर पाणी टाका, बाई," नत्थुजी म्हणाला. "खड्डा सुकला का अर्थ गेला."

गोदावरीबाई आंघोळ करून, केस मोकळे सोडून खड्ड्यात पाणी घालू लागल्या. ओतताना गुरुवारचा हिशेब करीत: "आठ राहिले."

पुंजाजींची बायको पार्वताबाई भिंतीवरून बघत होती. तांबे, कोळसा, मीठ, मोकळे केस. आणि तिच्या घरात माणसे आठ.

दुसऱ्या सकाळी गोदावरीबाई म्हणाल्या, "सात राहिले." त्याच संध्याकाळी पुंजाजींचा डावा हात गिरणीच्या पट्ट्यात सापडला आणि दोन बोटे चेचली.

"अवो," पार्वताबाई नवऱ्याला म्हणाली, "हे बाई आपल्याले मोजून राहिली."

तिसऱ्या सकाळी "सहा" म्हणायच्या आत पुंजाजी लोखंडी सब्बल घेऊन भिंतीवरून उतरले.

"वकीलबाई, काय मोजून राहिल्या तुमी?"

"दिवस. सहा दिवस राहिले."

"पाह्य, आपल्या तोंडानं कबूल करून राहिली," ते बायकोला म्हणाले आणि त्यांनी खड्डा उकरला.

मित्रांनो, पुढचे मी खिडकीतून पाहिले. तांब्याचा पत्रा बाहेर निघाला आणि पंतांच्या कपाळावर बसला. पंतांनी माझ्या एरियलचा बांबू उपटून पुंजाजींच्या खांद्यावर घातला. तार माझ्या पाठीला बांधलेली होती, म्हणून दर फटक्याला मी टेबलावर एक वीत सरकत होतो. तिसऱ्या फटक्याला मी खाली पडलो आणि माझी केंद्रांच्या नावांची काच दिल्लीपासून कोलंबोपर्यंत तडकली. पार्वताबाईने गोदावरीबाईंचे केस मुठीत धरले. गोदावरीबाईंनी हातातला तांब्या हाणला. त्यात पार्वताबाईचे दोन दात गेले. मी जमिनीवरून भुईमुगाच्या पेरणीची माहिती देत होतो. सकाळ होती, आवाज अगदी स्वच्छ होता.

हवालदार पंजाबरावांनी दवाखान्यातल्या दोन खाटांच्या मध्ये स्टूल ठेवून समझोता लिहिला. गुरुवारी सात ते सात-दहा गिरणी बंद राहील. खड्डा पत्र्यासकट पोलिसांसमक्ष बुजवला जाईल. तो पुन्हा भरला तेव्हा पार्वताबाईने त्यात आपले एक लिंबू टाकले. हवालदारांनी तेही लिहून घेतले.

गुरुवारी सातला पुंजाजींनी धड हाताने गिरणी बंद केली. डबे घेऊन आलेली तीस माणसे पंतांच्या ओट्यावर जमली. निवेदक म्हणाला, "कुमारी तारा..." आणि खरखर सुरू झाली.

सगळ्यांनी गिरणीकडे पाहिले. गिरणी गप्प होती.

पंतांनी मला थापड मारली. दुसरी. तिसरी. चौथी. डोक्याचे बँडेज सुटले तरी मारत राहिले.

"आता काय श्वास बंद करू, वकीलसाहेब?" पुंजाजी म्हणाले.

गोदावरीबाई माझ्या कापडी जाळीला कान लावून बसल्या होत्या. खरखरीच्या मागे कोणीतरी गात होते, एवढेच कळत होते. दहा मिनिटे संपली. तीस माणसांना आपला चेहरा दिसू नये म्हणून त्या उठल्या आणि त्यांनी ट्यूबलाइट बंद केली.

खरखर थांबली.

मित्रांनो, आज मी अडगळीत आहे, पाठीला तार नाही, म्हणजे मला अर्थही नाही. तरी एक विनंती करतो. रेडिओला मारू नका. खरखर आली तर आधी आपल्या घरातला दिवा विझवून पाहा, सब्बल नंतर शोधा.

अंधारात मी काय बोललो, ते सांगायचे राहिले. तीस माणसांनी अगदी स्वच्छ ऐकले: उद्या विदर्भात हवामान कोरडे राहील.