बिनशिट्टीची किटली

मित्रांनो, मी एक जुनी किटली आहे आणि मला शिट्टी नाही. ही दुसरी गोष्ट आधीच सांगून टाकते, कारण माझं सगळं रडगाणं फिरून फिरून तिच्यापाशीच येतं.

कारखान्यात माझा पत्रा गोल केला, त्यावर पांढरं एनॅमल चढवलं आणि मला भट्टीत घातलं. कडेला एक निळी रेघ मिळाली. दुकानात माझ्या शेजारी एक शिट्टीवाली किटली होती. दुकानदार गिऱ्हाइकांना ती वाजवून दाखवी, आणि ती सगळं दुकान डोक्यावर घेई. एक दिवस एक बाई आल्या. तिच्याकडे बघून म्हणाल्या, "ही नको बाई. आमच्या घरात घड्याळांची कटकट काय कमी आहे?" आणि त्यांनी मला घेतलं. त्या दिवशी मी किती फुशारले होते!

त्या बाईंना सगळी गल्ली आत्या म्हणते. त्यांचा धाकटा भाऊ घड्याळं दुरुस्त करायचा. खाली दुकान आणि वर दोन खोल्या. भावाची बायको लवकर गेली, म्हणून त्याच्या लेकीला आत्यानेच वाढवलं. लेक आता औषधांच्या दुकानात कामाला आहे.

आत्याच्या खिडकीत लेमन बामच्या तीन कुंड्या होत्या. डोक्याला चोळतात तो बाम नव्हे हं. हे पुदिन्याच्या कुळातलं झाड. पान चुरगळलं की लिंबाचा वास येतो. आत्या मूठभर पानं माझ्यात टाकी, वरून कढत पाणी ओती आणि झाकण लावी. दहा मिनिटं झाकणाला हात लावायचा नाही, नाहीतर वास उडून जातो. ती दहा मिनिटं भाऊ मोजायचा. घड्याळाची खरी परीक्षा खाली चार दिवस व्हायची, पण दुरुस्त झालेलं प्रत्येक घड्याळ वर आणून माझ्या शेजारी ठेवल्याशिवाय त्याचं समाधान होत नसे. तो म्हणायचा, "ताई, किटली पास म्हणाली की घड्याळ पास."

हळूहळू माझी कीर्ती पसरली. पोट फुगलेला पोस्टमन आला, मुलाखतीच्या धास्तीने गळून गेलेली शेजारीण आली, झोप न येणारे निवृत्त मास्तर आले. मित्रांनो, खरं सांगते. या चहाने मन थोडं निवतं, झोप यायला मदत होते, पोट हलकं वाटतं. एवढंच. पण स्तुती कुणाला नको असते? लेक मात्र बजावायची, "आत्या, कुणाला झोपेच्या नाहीतर थायरॉईडच्या गोळ्या चालू असतील, तर आधी डॉक्टरांना विचारायला सांग."

"अगं, पान आहे ते. विष नाही," आत्या म्हणायची. चार लोकांना बरं वाटलं की पाचव्यालाही वाटणारच, असं तिच्या मनाने घेतलं होतं. आणि खोटं कशाला बोलू, माझ्याही.

मग तो मंगळवार आला. दुपारी जेवायच्या आधी भाऊ एक टेबलावरचं घड्याळ घेऊन वर आला. माझ्या शेजारी ठेवता ठेवता ते त्याच्या हातातून सुटलं आणि काच फुटली. तिळाएवढा स्क्रू ज्याच्या चिमट्यातून कधी निसटला नाही, त्याच्या हातून आख्खं घड्याळ पडलं.

"ताई, हात... जड झालाय," तो म्हणाला. शब्द तोंडात घोळत होते. ओठाचं एक टोक खाली ओघळलं होतं.

"सकाळपासून डोळ्याला भिंग लावून बसलास, दुसरं काय होणार? पड जरा. चहा करते," आत्या म्हणाली.

तिने मला भरलं आणि झाकण लावलं. फुटक्या काचेचं घड्याळ तसंच चालू होतं. दहा मिनिटं झाली. तिने त्याला पाजायला घेतला, तर चहा तोंडाच्या कडेने खाली आला. मला सगळं दिसत होतं. मला ओरडायचं होतं. पण माझ्या तोटीतून नुसती वाफ येत होती, आणि त्या वाफेला छान वास होता. त्या वासाने आत्याला धीर आला. ती म्हणाली, "झोप आता. मुरू दे अंगात."

दुसरी किटली झाली. तिसरी झाली. संध्याकाळी लेक कामावरून आली, बापाचा चेहरा बघितला आणि दारातूनच रुग्णवाहिकेला फोन लावला.

"आत्या, कधीपासून असं आहे?"

आत्याने माझ्याकडे बघितलं. "तीन किटल्या झाल्या," ती म्हणाली.

भाऊ वाचला. पक्षाघात होता. लवकर आणलं असतं तर हातही कदाचित वाचला असता, असं डॉक्टर म्हणाले, हे लेकीने घरी येऊन हळूच सांगितलं. आता त्याचं बोलणं बरंचसं परत आलं आहे. उजवा हात आला नाही. दुकानाचं शटर बंद आहे.

आत्याने मला त्याच आठवड्यात घासून, पुसून सगळ्यात वरच्या फळीवर ठेवलं. माझ्या पोटात आता धूळ आहे. कुंड्यांना भाऊ डाव्या हाताने पाणी घालतो, म्हणून पानं अजून हिरवी आहेत. परवा तो म्हणाला, "ताई, चहा कर की."

"पाणी पी," आत्या म्हणाली. वर बघितलंसुद्धा नाही.

मित्रांनो, किटल्या घासून ठेवा, जपून वापरा, असं मी तुम्हाला सांगायला हवं. पण माझी विनवणी वेगळी आहे. कुणाचं तोंड वाकडं झालं, हात लुळा पडला, बोलणं अडखळलं, तर पाणी उकळायला ठेवू नका. त्याच पावली दवाखाना गाठा. आम्हा किटल्यांना काही कळलं तरी सांगता येत नाही.

आणि एक काम करा. आत्या लेकीला रोज सकाळी सांगते की रात्रभर डोळ्याला डोळा लागत नाही, छातीत धडधडतं. लेक तिला डॉक्टरकडे घेऊन गेली होती. तपासून ते म्हणाले, काही नाही, मनाला लागलंय. अशा माणसासाठीच तर माझा चहा आहे. पानं खिडकीत आहेत आणि मी फळीवर आहे. तुमच्यापैकी कुणाचा हात पोहोचत असेल, तर मला एकदा खाली काढा.