एकशे सत्तेचाळीस तुकडे

मुलांनो, जरा माझ्याबरोबर या टेबलाशी येऊन बसा. आवाज करू नका, इथे मोजणी चालू आहे. टेबलावर पांढरं फडकं अंथरलंय, फडक्यावर एक थाळी, आणि थाळीशेजारी तुमच्या वीतभर लांबीची एक मोटार. जुन्या अमेरिकन गाड्या चित्रात पाहिल्या असतील तुम्ही. लांबलचक, मागे माशासारखे दोन पर, पुढे दात विचकल्यासारखी चकचकीत जाळी. तशीच ही, पण प्लास्टिकची, तुकडा तुकडा जोडून केलेली. रंग आकाशी. टेबलाच्या एका बाजूला नऊ वर्षांची मुंगी बसली आहे, समोर तिची मावशी. मुलीला मुंगी म्हणतात, कारण ती दिसायला एवढीशी आणि कधी स्वस्थ बसत नाही. आज मात्र ती अगदी स्वस्थ बसली आहे. आता कल्पना करा, मावशीच्या चेहऱ्याचा रंग हळूहळू उतरतो आहे.

"पुन्हा मोज," मावशी म्हणाली.

"पाटीवर एकशे चव्वेचाळीस रेघा. थाळीत दोन तुकडे."

"म्हणजे?"

"एकशे शेहेचाळीस."

"आणि खोक्यावर किती लिहिलेत?"

मुंगीने नुसतं खोक्याकडे बोट दाखवलं. खोक्यावर एकशे सत्तेचाळीस लिहिलं होतं, ते दोघींनाही पाठ होतं.

तेवढ्यात टेबलाखाली ढब्बू खोकला. ढब्बू म्हणजे मुंगीचा भाऊ. वय सव्वा वर्ष. जे हाताला लागेल ते आधी तोंडात, मग विचार.

मावशी खुर्ची ढकलून खाली बसली. तिने ढब्बूचं तोंड उघडून त्यात बोट फिरवलं. ओल्या बिस्किटाचा लगदा निघाला, बाकी काही नाही. ढब्बू रडला आणि रडता रडता पुन्हा खोकला.

मावशी एकतीस वर्षं हॉस्पिटलच्या ऑपरेशनच्या खोलीत नर्स होती. तिचं काम म्हणजे पोट शिवण्याआधी मोजायचं. कापडाच्या घड्या किती आत गेल्या, किती बाहेर आल्या. सुया किती, चिमटे किती. एकीने मोठ्याने सांगायचं, दुसरीने बघून तेच म्हणायचं. आकडा जुळेपर्यंत भलेभले सर्जन हातात सुई धरून उभे राहायचे. "मोजणीबाई, तुमच्यापायी माझं जेवण थंड झालं," ते कुरकुरायचे. "पेशंट थंड होण्यापेक्षा बरं," ही म्हणायची.

निवृत्तीच्या दिवशी डॉक्टरांनी गंमत म्हणून तिला हा खोका दिला. "एकशे सत्तेचाळीस तुकडे आहेत, बाई. घरी मोजत बसा." सगळे हसले. तीही हसली. पण तीन महिने तिने खोक्याला हात लावला नाही. मग एका रविवारी तो बहिणीच्या घरी आणून मुंगीपुढे ठेवला. "मदत करशील? पण नियम माझे. एक तुकडा, दोन तोंडं. तू नाव सांगायचंस, मी बघून तेच म्हणायचं, मग गोंद, मग पाटीवर रेघ. आणि 'वाटतं' म्हणायचं नाही. दिसतं तेवढंच सांगायचं."

अकरा रविवार गेले. रंगाचे सात पातळ हात झाले. "आयुष्यभर दुसऱ्यांनी शिवलेलं मोजलं गं," मावशी एकदा म्हणाली होती. "माझ्या हातून पुरी होणारी ही पहिलीच वस्तू."

आता तिने खोक्यातला कागद उलगडला. जोडलेल्या प्रत्येक तुकड्यापुढे खूण होती. बोट खाली खाली सरकत गेलं आणि थांबलं. "डावा भोंगा."

इंजिनाशेजारी बसायचा तो भोंगा. तांदळाच्या दाण्याएवढा.

आई हात पुसत आतून आली. "काय झालं ताई? का रडतोय हा?"

"एक तुकडा कमी आहे. सकाळपासून हा इथेच रांगतोय."

"टेबलाखाली बघितलंस? कोपऱ्यात असेल कुठेतरी. प्रत्येक वेळी तुझी मोजणी..." आईचं वाक्य अर्धंच राहिलं, कारण ढब्बू तिसऱ्यांदा खोकला.

तिघींनी चटई झटकली, केरसुणी फिरवली, सतरंजीच्या घड्या उलगडल्या. भोंगा नव्हता. मावशीने लहान मुलांच्या डॉक्टरांना फोन लावला. खोली इतकी गप्प होती की पलीकडचा आवाज मुंगीलाही ऐकू आला.

"प्लास्टिक एक्स-रेच्या फोटोत दिसत नाही, बाई. श्वासनलिकेत गेलं असेल तर भूल देऊन दुर्बीण घालावी लागेल. नक्की गिळलंय ना?"

"नक्की नाही. पण मोजणीत एक कमी आहे."

"तुम्ही म्हणताय म्हणजे कमीच असणार. लगेच घेऊन या."

सव्वा वर्षाच्या मुलाला भूल म्हणजे काय, हे त्या घरात एकट्या मावशीला माहीत होतं. म्हणूनच सगळ्यांत जास्त तीच घाबरली होती. चप्पल घालताना तिचा पाय दोनदा चुकला.

आणि मुंगी? मुंगी गाडीच्या बॉनेटकडे बघत होती. तो भोंगा कुठे आहे, हे तिला ठाऊक होतं. किंवा ठाऊक आहे असं वाटत होतं.

सकाळी मावशी ब्रश धुवायला मोरीवर गेली, तेव्हा मुंगीने तो भोंगा एकटीने चिकटवला होता. एक तरी तुकडा आपला एकटीचा असावा, एवढंच तिला हवं होतं. मावशीची पावलं वाजली तशी तिने झटकन हात मागे घेतला. बोट गोंदाने चिकट झालं होतं, ते तिने फ्रॉकला पुसलं. मग मावशी आली, उजव्या भोंग्याला दोघींनी नाव दिलं, रेघ ओढली, आणि मावशीने आतले तुकडे पुन्हा न मोजता गाडीचं बॉनेट चिकटवून टाकलं.

पण तो भोंगा बोटाला चिकटून बाहेर आला असेल तर? फ्रॉकवरून जमिनीवर पडला असेल तर? मुंगी म्हणाली असती, "आत आहे," आणि तिच्यावर विश्वास ठेवून सगळे घरी थांबले असते, आणि ढब्बूच्या छातीत... बोलावं तरी भीती, न बोलावं तरी भीती.

आईने ढब्बूला खांद्यावर घेतलं. मावशीने दाराची कडी काढली.

मुंगीने टेबलावरचा छोटा पेचकस उचलला, बॉनेटच्या फटीत घातला आणि दाबला.

कट्. आकाशी रंगाचा टवका उडून थाळीत पडला. ती आणखी जोरात दाबत राहिली. बॉनेटचे दोन तुकडे झाले.

"अगं ए, डोकं फिरलंय का तुझं!" आई ओरडली.

मुंगीने दाराशी जाऊन गाडी दोन्ही हातांनी मावशीपुढे धरली. तिने आत डोकावून पाहिलं, खांद्याला डोळे पुसले, पुन्हा पाहिलं.

"उजवा भोंगा," ती म्हणाली. "डावा भोंगा. मीच लावला होता, सकाळी. तुला न सांगता."

मावशीने चष्मा सारखा केला. गाडी उजेडाकडे फिरवली. इतका वेळ लावला की आई ढब्बूला घेऊन पुढे सरकली.

"उजवा भोंगा," मावशी म्हणाली. "डावा भोंगा."

मग ती दाराशीच स्टुलावर बसली. आई ढब्बूला घट्ट धरून रडायला लागली. ढब्बूने खोकून बिस्किटाचा एक ओला तुकडा तिच्या खांद्यावर टाकला.

"मावशी, तुझी गाडी..."

"एकतीस वर्षांत एकदाही न मोजता पोट बंद केलं नाही मी," मावशी हळूच म्हणाली. "आज केलं. म्हटलं, खेळणं तर आहे." तिने मुंगीच्या डोक्यावर हात ठेवला. "चला. छाती तेवढी तपासून आणू याची. दुर्बीण नको आता."

आई आणि मावशी जिना उतरू लागल्या. "मुंगे, दार आतून लावून घे, आम्ही येतोच!" खालून मावशीची हाक आली.

मुंगी टेबलाशी परत गेली. फुटलेलं बॉनेट तिने फडक्यावर नीट ठेवलं. मग खडू घेतला आणि पाटीवर एक रेघ ओढली. ती वाकडी आली, पण तिने ती पुसली नाही. आणि रिकाम्या खोलीत तिने पहिल्या रेघेपासून मोठ्याने मोजायला सुरुवात केली.